पियानो ‘बडवणे’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि कवी सेसिल टेलर यांच्यावर मराठीत लिहिताना ‘ते पियानो बडवत’ हे चालेल का? ‘वाजवत’ फारच मिळमिळीत वाटतं.

‘बडवत’ नको. अमका पेटी बडवतो म्हटलं की त्याला पेटी येत नाही, एवढंच ऐकणाऱ्याला कळतं. धुणं बडवतात. ढोलही बडवतात म्हणा, पण पथकातल्या पोराला विचारून पाहा, तो ‘वाजवतो’च म्हणेल. आणि टेलर (१९२९–२०१८) हे न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या अमेरिकेतल्या संगीतविद्यालयात शिकलेले गृहस्थ. तळहातांनी, कधी कोपरापर्यंतच्या हाताने सुरांचे गठ्ठेच्या गठ्ठे उठवायचे, ते न येण्यापायी नव्हे.

तरी तुमची अडचण खरी आहे. ब्रिटिश लेखिका व्हॅल विल्मर यांनी आपल्या पुस्तकातल्या टेलरवरच्या प्रकरणाला ‘सुरात लावलेले अठ्ठ्याऐंशी ढोल’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पट्ट्या ८८, म्हणून ढोल ८८. यात अतिशयोक्ती थोडीच. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची) हातोडी तारेवर आपटते. (संतूरही कलमांनी मारूनच वाजतं, त्याला कुणी बडवणं म्हणत नाही.)

‘वाजवणे’ही वाटतं तितकं मिळमिळीत नाही. वाद्य, वादन हे ‘वद्’ धातूचे, म्हणजे बोलण्याचे. वाद्य म्हणजे ज्याला बोलतं करायचं ते. तबल्याचे ‘बोल’ आपण म्हणतोच. टेलर यांच्या १९७४च्या स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो इथल्या एकल वादनाच्या ध्वनिमुद्रिकेचं नाव ‘सायलेंट टंग्ज’, मुक्या जिभा! उलट १९८७च्या ‘चिनाम्पास’मध्ये पियानो नाहीच: स्वतःच्या कविता, स्वतःचाच आवाज, सोबत घंटा आणि छोटी तालवाद्यं. त्यात शब्दच वाजतात.

जोर दाखवायचाच असेल तर मी ‘झडणे’ घेईन. चौघडा झडतो, नौबती झडतात, चर्चाही झडतात. पावसाची झड लागते ती वेगळीच, पण कानाला तीही आठवते. टेलर यांच्या १९६६च्या ‘युनिट स्ट्रक्चर्स’ या ध्वनिमुद्रिकेत वाद्यं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात, तिथे हा शब्द चपखल बसतो. फक्त क्रियापद अकर्मक आहे, तेव्हा ‘टेलर पियानो झडत’ असं लिहू नका. ‘टेलर यांच्या हातांखाली पियानो झडत होता’ असं लिहा.