साहेब तोंडी ‘जा’ म्हणाले, म्हणून भावाला पाठवू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये कोर्टाने दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बॉन्डवर (लेखी हमीवर) सोडलंय, वर परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख आहे, आणि आता चाकणला कंपनीत काम मिळतंय. त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात विचारलं तर तोंडी ‘जा’ म्हणाले, एवढं पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. गाव तेवढं वेगळं, बाकी सगळी आमचीच गोष्ट. २०१६ साल होतं. चाकणसुद्धा तेच.

पुरत नाही. अजिबात पुरत नाही.

मी वकील नाही, कोर्टात नोकरीला नाही. अशाच एका पोराची थोरली बहीण आहे. प्रोबेशन म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्यावरही तुरुंगात न पाठवता अटींवर, देखरेखीखाली सोडणं. जामिनापेक्षा ते वेगळं कसं, हे वर दोघांनी नीट लिहिलंय, त्यात मी शिरत नाही.

आमच्या पोराने यात्रेत पिऊन एकाच्या डोक्यात दांडकं घातलं होतं. चार टाके, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२४, म्हणजे हत्याराने दुखापत. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला आणि तुरुंगात न पाठवता १९५८ च्या गुन्हेगार परिविक्षा कायद्याच्या कलम ४ खाली सोडलं. दोन वर्षांचा बॉन्ड, १५,००० रुपयांना मामा जामीनदार. अटी चार होत्या: दिलेल्या पत्त्यावर राहायचं, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही, दारू नाही, महिन्यातून एकदा हजेरी. मामाने सही केली तेव्हा आईने त्याला कोर्टाच्या आवारात ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

तीन महिन्यांनी गावातल्या एकाने त्याला चाकणला कंत्राटी काम लावून दिलं. आम्ही रीतसर ऑफिसात गेलो. साहेब नव्हते, त्यांच्याकडे म्हणे आणखी दोन ठिकाणचा चार्ज होता. टेबलामागच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कामाला लागतोय ना? मग चांगलंच आहे की. जाऊ द्या, मी साहेबांच्या कानावर घालतो.” आम्ही खूश. पुढच्या हजेरीला पेढ्यांचा पुडा नेला. पेढे दिले, पण कागद दिला नाही, पोच घेतली नाही. आमची चूक ती एवढीच.

दोन महिने तो सुट्टी टाकून हजेरीला आला. मग साहेबांची बदली झाली. नवीन साहेब घरभेटीला आले तेव्हा घरी फक्त आजी. तिने खरं ते सांगितलं, “त्यो हितं नसतोय, पुण्याकडं असतोय.” पुण्याकडं म्हणजे कुठं, ते तिला सांगता येईना. अहवाल गेला की दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, ठावठिकाणा माहीत नाही. कोर्टाचं समन्स त्याच जुन्या पत्त्यावर आलं. आजीने ते लाइट बिलांच्या पिशवीत नीट जपून ठेवलं. तारखेला कुणीच हजर नाही म्हटल्यावर वॉरंट निघालं, आणि एका सकाळी चाकणच्या कंपनीच्या गेटवर हवालदार उभा. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी पोराला येऊ नको म्हणून सांगितलं. मामाला जामीनदार म्हणून वेगळी नोटीस.

हे असं का झालं, ते मला नंतर कळलं. बॉन्डच्या अटी बदलायचा अधिकार ऑफिसातल्या कुणालाच नसतो, खुद्द परिविक्षा अधिकाऱ्यालाही नसतो. तो फक्त कोर्टाला. पण कलम ८ प्रमाणे कोर्टापुढे तसा अर्ज करायचा असतो परिविक्षा अधिकाऱ्याने, आणि अट बदलण्याआधी तुमचा भाऊ आणि जामीनदार दोघांचंही म्हणणं कोर्टाला ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे आपण कितीही प्रामाणिकपणे सांगितलं तरी त्या ऑफिसातून अर्ज हलला नाही, तर कोर्टाच्या लेखी तुमचा भाऊ पळालेलाच.

सुनावणीला तेच टेबलामागचे गृहस्थ फाइल घेऊन आले होते. मला म्हणाले, “ताई, तुम्ही लेखी का नाही दिलंत?” मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

कोर्टाने समजून घेतलं. अट पहिल्यांदाच मोडली असेल तर कलम ९ खाली मूळ गुन्ह्याची शिक्षा न देता बॉन्ड चालू ठेवून दंड करता येतो, आणि तो दंड जास्तीत जास्त ५० रुपये. १९५८ ला लिहिलेला आकडा आजही तोच आहे. पन्नास रुपयांत सुटला, असं गावात लोक हसून सांगायचे. नोकरी गेली, सहा तारखा झाल्या, वकिलाची फी दोनदा दिली, आणि मामा दोन वर्षं भाऊबीजेला आमच्या दारात आला नाही. आई ताट तयार करून बसायची. हे त्या पन्नासात कुणी धरत नाही.

तर आता तुमचं. अर्ज लेखी करा, दोन प्रतींत. नवीन पत्ता, खोलीमालकाचं नाव, कंपनीचं किंवा कंत्राटदाराचं पत्र, आणि हजेरीला कोणत्या वारी येता येईल ते लिहा. ‘कलम ८ प्रमाणे कोर्टात अर्ज करावा ही विनंती’ हे वाक्य त्यात असू द्या. आवक-जावकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “साहेब आले की घेतो” म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. जामीनदाराला आधी विश्वासात घ्या, कारण कोर्ट त्याला विचारणार आहे आणि तिथे तो बावचळून “मला काहीच माहीत नाही” म्हणाला तर पंचाईत. ऑर्डर येईपर्यंत भावाला पाठवू नका. कंपनीकडे पंधरा दिवस मागून घ्या. नाहीच थांबले तर ती नोकरी सोडा, दुसरी मिळेल. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. तरी सांगते.

अर्ज तिथे नुसताच पडून राहिला तर पोच घेऊन आपल्या वकिलाकडून कोर्टाच्या नजरेस आणा. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० वर फोन करा. काही ठिकाणी छान माणसं भेटतात, काही ठिकाणी भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मुंबई-ठाण्याकडचं कुणी हे वाचत असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प आहे, १९९० पासून कैदी आणि सुटून आलेल्यांबरोबर काम करतोय.

थोडं चिडून लिहिते, माफ करा. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये परिविक्षा अधिकाऱ्याच्या कामांत देखरेख तर आहेच, शिवाय गरज पडेल तिथे त्या व्यक्तीला योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हेही आहे. काम मिळवून देणं राहू दे, मिळालेलं टिकवायला एक कागद पुढे सरकवा की! पण एका माणसाकडे किती जबाबदाऱ्या टाकतात तेही मी पाहिलंय. आपल्याकडे हे अधिकारी महिला व बाल विकास विभागात बसतात, हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. आम्ही पहिल्यांदा पोलीस स्टेशनला जाऊन विचारत होतो.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. साहेब घरी येणार म्हणून घर सजवू नका आणि खोटं बोलू नका. पहिल्या अहवालाच्या वेळी आम्ही एका सुरात सांगितलं होतं, “नाही हो, तो पीत नाही, त्या दिवशी कुणीतरी पाजली.” तो रोज पीत होता. तेव्हाच खरं बोललो असतो तर उपचाराचं काहीतरी लवकर झालं असतं. शेवटी नोकरी गेल्यावर आम्ही त्याला पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तेव्हा वर्ष वाया गेलं होतं. परिविक्षा अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे. हे मला पटायला फार उशीर झाला, आणि टेबलामागच्या त्या गृहस्थांमुळे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण सगळे तसे नसतात. ते नंतर आलेले साहेब, ज्यांच्या अहवालाने आमची वाट लागली, त्यांनीच पुढे अटीत बदल करून आणला. वागणूक चांगली असेल तर मुदतीआधी बॉन्डमधून मोकळं करायचा अर्जही त्यांना करता येतो. तेही विचारून ठेवा, पण सहा महिने नीट गेल्यावर. आत्ता विचारलंत तर घाई दिसेल.

वर कुणीतरी लिहिलंय की नव्या कायद्यात सामुदायिक सेवा आहे, ती मागून घ्या. ती भारतीय न्याय संहितेत मोजक्याच गुन्ह्यांना आहे, म्हणजे दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, ५,००० रुपयांच्या आतली पहिली चोरी आणि माल परत केलेला, असे. दांडक्याने मारल्याला नाही. आणि तुमच्याकडे तर निकाल लागून गेलाय.

नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी दोषी ठरलात का’ याला काय लिहायचं, असं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, त्यावर माझं मत ठाम आहे, पण वकिलाला विचारूनच भरा. कलम १२ मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही, म्हणून लोक बिनधास्त ‘नाही’ लिहितात. दोषी ठरवलं जाणं त्याने पुसलं जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच सांगितलंय. २०१६ च्या एका निकालात फॉर्ममध्ये माहिती खरीच द्यावी लागते असं म्हटलंय, आणि खरी दिल्यावर गुन्हा कसला होता ते पाहून नोकरीचं ठरवायचं. विचारलं असेल तेवढं खरं लिहा. विचारलं नसेल तर चहाच्या टपरीवर सांगत सुटू नका. आमच्या पोराने रूममेटला विश्वासाने सांगितलं होतं, आठवड्यात सगळ्या लाइनला माहीत.

ऑर्डरची नक्कल काढली का? पोस्टवरून वाटतंय की वकिलाने वाचून दाखवली तेवढीच. आधी नक्कल काढा, आणि मुक्कामाची अट नेमकी कोणत्या शब्दांत आहे ते नाव-गाव खोडून इथे टाका. आमच्यात ‘परवानगीशिवाय’ होतं, पण कुणाच्या परवानगीशिवाय ते लिहिलंच नव्हतं. तुमच्यात काय आहे बघू.