वाचकांचे प्रश्न : गिटार-दुरुस्तीचे साहित्य परदेशातून मागवावे का?

प्रश्न : मी सोलापुरात गिटारची शिकवणी घेतो आणि विद्यार्थ्यांच्या गिटारची लहानसहान दुरुस्तीही करतो. सध्या माझ्याकडे आलेल्या एका गिटारचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती पोटावरची पट्टी) मागच्या बाजूने उचलला गेला आहे आणि दुसऱ्या गिटारचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले आहेत. बहुतेक गिटारच्या फ्रेटची टोके उन्हाळ्यात बोटांना टोचतात, ती तक्रार वेगळीच. परदेशी विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर फ्रेटवायर (फ्रेट कापून घ्यायची तार), हाडाचे नट (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी), गोंद आणि कानशी फार स्वस्त दिसतात. हे साहित्य मागवणे शहाणपणाचे ठरेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काही साहित्य जरूर मागवा आणि काही अजिबात मागवू नका. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. वस्तू हाती आल्यावर तिचे माप घेऊन ती खरी की खोटी हे आपल्याला घरीच ठरवता येईल का, आणि ती निकृष्ट निघाली तर नुकसान तिच्या किमतीपुरते राहील की वाद्यापर्यंत पोहोचेल?

मात्र टोचणाऱ्या फ्रेटसाठी काहीही विकत घेऊ नका. गिटारचे कारखाने साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत लाकूड जोडतात. मार्च ते मे या काळात सोलापूरच्या दुपारची हवा त्याहून कितीतरी कोरडी असते. अशा हवेत फिंगरबोर्डचे, म्हणजे मानेवर फ्रेट बसवलेल्या फळीचे, लाकूड आडव्या दिशेने आकसते, पण धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो आणि म्हणून त्याची टोके बाहेर येतात. गिटार पेटीत बंद ठेवावी आणि पेटीत ओलसर स्पंजची सच्छिद्र डबी ठेवावी. लाकूड सावरल्यानंतरही टोके टोचत राहिली तरच ती बारीक कानशीने घासावीत. उचललेल्या ब्रिजमागेही हाच कोरडेपणा असू शकतो. म्हणून वाद्य काही दिवस योग्य आर्द्रतेत ठेवल्याशिवाय ब्रिज चिकटवण्याची घाई करू नये.

झिजलेल्या फ्रेटसाठी फ्रेटवायर परदेशातून मागवायला हरकत नाही, परंतु केवळ छायाचित्र पाहून मागवू नये. जुना फ्रेट हलकेच काढून व्हर्निअर कॅलिपरने त्याच्या माथ्याची रुंदी, उंची आणि खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी अशी तीन मापे घ्यावीत. त्यांतले तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि स्वस्त विक्रेते नेमके तेच लिहीत नाहीत. खाच साधारण ०.६ मि.मी. रुंद असते. पाते त्याहून बरेच जाड असेल तर वीस-बावीस फ्रेट ठोकता ठोकता पाचरींसारखा दाब साठतो आणि मान मागे वाकते. पाते बारीक असेल तर फ्रेट काही दिवसांनी वर येतो. ज्या विक्रेत्याने हे माप दिलेले नाही, त्याच्याकडून वायर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नेहमीची फ्रेटवायर जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूची असते. सोनेरी झाक असलेली पितळी वायर लवकर झिजते, तर स्टेनलेस स्टीलची वायर टिकाऊ असली तरी आपल्या कानशी आणि पकडी ती लवकर बोथट करील. एका मानेला सव्वा ते दीड मीटर वायर लागते, त्यामुळे एकाच खेपेतील दोन मीटर वायर मागवावी. अर्धे फ्रेट एका खेपेचे आणि अर्धे दुसऱ्या खेपेचे असले की उंचीतला फरक घासून काढण्यात सगळी मेहनत जाते.

गोंद मात्र परदेशातून मागवू नका, असे मी आग्रहाने सांगतो. अकूस्टिक गिटारच्या बारा नंबरच्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असलेल्या) तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंहून अधिक असतो आणि तो ब्रिजखालच्या पातळ थराने रात्रंदिवस पेलायचा असतो. प्रवासात गोंद किती तापला, किती महिने गोदामात पडून राहिला, हे बाटलीकडे पाहून कळत नाही. ते कळते ब्रिज पुन्हा उखडल्यावर, आणि तेव्हा तो सोबत वरच्या फळीचे तंतूही ओढून नेतो. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली, विशेषतः उष्णतेत, हळूहळू सरकतो, म्हणून तोही या जागी नको. त्यापेक्षा सरस, म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून केलेला पारंपरिक गोंद, उत्तम. तो पाण्यात भिजवून, भांड्यात भांडे ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवावा, उकळू देऊ नये, आणि गार होण्याआधी ब्रिज क्लॅम्पने आवळावा. सरसाचा सांधा पुढे कधी उष्णता आणि ओलावा देऊन सोडवता येतो. एपॉक्सीने चिकटवलेला ब्रिज पुढच्या कारागिराला सहजासहजी सोडवता येत नाही.

हाडाच्या नटसाठी मिरजेत चौकशी करावी. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांच्या कारागिरांना हाड कापून घासण्याचा पिढ्यानपिढ्यांचा हात आहे, आणि पट्टी डोळ्यांसमोर निवडता येते. परदेशी विक्रेत्याचा ‘हाडाचा’ नट अनेकदा प्लास्टिकचा निघतो. कानस मारल्यावर जळक्या केसांसारखा वास आला तर ते हाड समजावे. शिवाय प्राणिजन्य वस्तू सीमाशुल्क तपासणीत अडकण्याची शक्यता असते. शिसवाचा फिंगरबोर्ड परदेशातून मागवण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण जगभरच्या गिटारांना लागणाऱ्या शिसवाचा मोठा वाटा भारतातूनच जातो.

अवजारांपैकी फ्रेटचा माथा गोल करणारी हिऱ्याच्या भुकटीची कानस आणि फिंगरबोर्डची वक्रता मोजणारी पट्टी एवढेच मागवावे. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, ट्रस रॉडची (मानेचा वाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईची) एलन की आणि पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात, आणि नटच्या खाचा घासायला वेल्डिंगच्या नोझल साफ करण्याच्या सुया चालतात.

प्रश्न : विक्रेता पाकिटावर ‘भेटवस्तू’ असे लिहून आणि किंमत कमी दाखवून साहित्य पाठवायला तयार आहे. त्याने सीमाशुल्क वाचेल का?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : वाचणार नाही, आणि हा मार्ग धरूही नये. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. सवलत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती कायम ठेवण्यात आली. खोटी किंमत लिहिली तर अधिकारी स्वतः मूल्य ठरवू शकतात, आणि त्याची जबाबदारी पाकीट स्वीकारणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येते. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक खर्च धरून आकारले जाते आणि त्यावर पुन्हा वस्तू व सेवा कर लागतो. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने मागणी नोंदवण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहावा. कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत मागते आणि बहुधा आपले हाताळणी शुल्कही लावते. बँक परकीय चलनातील व्यवहारावर वेगळा आकार घेते. हे सर्व मिळवल्यावर तीनशे रुपयांची वस्तू इथल्या दुकानातल्या वस्तूहून महाग पडू शकते, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एकच मागणी नोंदवणे बरे.

पाकीट उघडताना सलग चित्रीकरण करावे आणि त्याच दिवशी कॅलिपरने मापे तपासावीत. माल परत पाठवण्याचा खर्च बहुधा मालाहून जास्त असतो, त्यामुळे संकेतस्थळाची तक्रारीची मुदत संपण्याआधी मापांची छायाचित्रे जोडून पैसे परत मागावेत. तिथे दाद मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी हरकत नोंदवावी.