वाचकांचे प्रश्न : सणाचे जेवण आणि हृदयासाठीच्या रक्ततपासण्या

प्रश्न : मी औसा तालुक्यातील ४६ वर्षांचा शेतकरी आहे. वेळअमावस्येच्या दुसऱ्या दिवशी गावात आरोग्य शिबिर होते. तेथे सकाळी नाश्ता करूनच रक्त दिले. एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड ४१२, एलडीएल ११०, एचबीए१सी ६.१ आणि एचएस-सीआरपी ११ असे आकडे आले. ईसीजी व्यवस्थित आहे. रक्तदाब १४८/९४ होता. त्या आठवड्यात मला सर्दी-ताप होता. तंबाखूची सवय आहे. थोरल्या भावाला ४९व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. कोणी म्हणते, सणाच्या जेवणामुळे असे आले, सोडून द्या. कोणी म्हणते, अँजिओग्राफी करा. काय करावे?

उत्तर : दोन्ही सल्ले आपण बाजूला ठेवावेत. खीर, तिळाची पोळी आणि उंडे यांमुळे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढते हे खरे आहे. परंतु साध्या जेवणाने ते सरासरी २५ ते ३० मिलिग्रॅमनेच वाढते. सणाच्या पंगतीचा हिशेब त्याहून मोठा धरला, तरी ४१२ हा संपूर्ण आकडा भज्जी-आंबिलीच्या माथी मारता येणार नाही.

आपल्या अहवालातील सर्वांत फसवा आकडा मात्र एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा आहे, आणि नेमका तोच पाहून घरच्यांना हायसे वाटले असेल. अनेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. १९७२ साली मांडलेल्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून तो काढला जातो. आपले २२८ उणे ३६ उणे सुमारे ८२ केले की बरोबर ११० उरतात, म्हणजे आपला आकडाही असाच आलेला दिसतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र भरवशाचे राहत नाही. खरा एलडीएल याहून जास्त असण्याची शक्यता असते. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा करून येणारा 'नॉन-एचडीएल' पाहावा. तो जेवणानंतरही फारसा बदलत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही लागत नाहीत. आपला नॉन-एचडीएल १९२ आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीतही तो १३० च्या आत असावा. तेव्हा उपाशीपोटी तपासणी व्हायची असली, तरी आपले कोलेस्टेरॉल वाढलेले आहे हे आजच सांगता येते.

एचएस-सीआरपीच्या ११ ची सध्या चिंता नको. ही तपासणी शरीरातील दाह मोजते; सर्दी-तापात ती वाढतेच, आणि १० च्या वर आली तर तिच्यावरून हृदयाचा धोका ठरवत नाहीत. आजारपणात कोलेस्टेरॉलचे आकडेही हलतात. म्हणून पूर्ण बरे झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी, रोजचाच आहार चालू ठेवून, आधीचे दोन-तीन दिवस मद्य टाळून आणि रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास उपाशी राहून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि चरबीची ही तपासणी, पुन्हा करावे. त्यासोबत उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्यावे, कारण थायरॉइड मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल चढते.

भावाचा झटका ५५ वर्षांच्या आतला असल्याने आपण एलपी-ए नावाची तपासणी आयुष्यात एकदा जरूर करावी. हा घटक बहुतांशी आनुवंशिक असतो, पथ्याने फारसा उतरत नाही आणि साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. तो ५० मिलिग्रॅमच्या वर असल्यास बाकीचे धोके अधिक कडकपणे आवरावे लागतात. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये पुष्कळदा हीच नसते, हे मला नेहमी खटकते.

वाढलेले ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (५.७ ते ६.४), हे त्रिकूट आपल्याकडे पोट सुटलेल्या माणसांत वारंवार दिसते. मात्र तंबाखू आणि रक्तदाब यांची नोंद या अहवालात कोठेच होत नाही, आणि आपल्या बाबतीत त्यांचे वजन कोलेस्टेरॉलपेक्षा कमी नाही. रक्तदाब आणखी दोन-तीन वेळा, शांत बसून मोजावा. छातीत दुखणे किंवा चालताना दम लागणे नसेल, तर केवळ रक्ताच्या आकड्यांवरून अँजिओग्राफी करू नये. त्याचप्रमाणे विश्रांतीच्या वेळचा ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्तही राहू नये. घाण्याचे करडईचे तेल चांगले आहे, पण ते खाल्ले म्हणून तंबाखूला सूट मिळत नाही.

प्रश्न : मी परभणीची ५८ वर्षांची गृहिणी आहे. दहा वर्षांपासून मधुमेह आहे. एलडीएल ९६ आहे आणि अहवालात 'नॉर्मल' लिहिले आहे, तरी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू केली. हिमोग्लोबिन ८.५ आहे. गोळी घ्यावी का?

उत्तर : घ्यावी, ताई. छापील मर्यादा सर्वांसाठी एकच असते. मधुमेह असलेल्यांसाठी वर उल्लेखिलेल्या सूचनांमध्ये एलडीएल ७० च्या खाली ठेवण्यास सांगितले आहे. गोळी सुरू केल्यापासून ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे. आपले हिमोग्लोबिन मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणून साखरेचा अंदाज उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या तपासणीशी ताडून पाहावा. लघवीतील अल्ब्युमिनही वर्षातून एकदा तपासावे.

प्रश्न : छातीत दुखू लागल्यास घरी लॅबवाल्याला बोलावून ट्रोपोनिन करावे का? (जालना)

उत्तर : करू नये. झटक्याच्या सुरुवातीच्या काही तासांत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले नसूही शकते, म्हणून ते रुग्णालयात ठरावीक अंतराने पुन्हा पाहतात. नमुना देऊन अहवालाची वाट पाहण्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे ईसीजीची सोय आहे अशा जवळच्या रुग्णालयात तडक जावे.