लेकीला दवाखाना नको, धोरण हवंय

नमस्कार भाऊसाहेब,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. निफाडची द्राक्षबाग, लेकीच्या बीएएमएससाठी काढलेलं कर्ज, पिंपळगाव बसवंतला तिच्या दवाखान्यासाठी घेऊन ठेवलेला गाळा. आणि इंटर्नशिपमध्ये पेठ तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात तीन महिने काढून आल्यापासून तिचं एकच पालुपद, "मला दवाखाना नको, आरोग्य धोरणात काम करायचंय." तुम्ही लिहिलंय, "धोरणात शास्त्र असतं, आकडेमोड असते, इथपर्यंत समजलं. पण ही सारखी मूल्यं, नीती, न्याय-अन्याय बोलते. ते कीर्तनात ठीक. सरकारी कागदात त्याचं काय काम? आणि त्यावर पोट कसं भरायचं?"

पोटाचं पुढे सांगते. आधी कामाचं बोलू, कारण ते तुम्हाला चांगलं माहीत आहे, फक्त या नावानं नाही.

२०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते तुम्ही विसरला नसाल. 'रेसिड्यू' हा शब्द आता निफाडात पारावरसुद्धा ऐकू येतो. मण्यात औषधाचा अंश किती आहे, हे लॅबमधलं यंत्र सांगतं. पण किती अंश चालेल, हे यंत्र सांगत नाही. खाणाऱ्यांमध्ये तान्ह्या पोराला धरायचं का, गरोदर बाईला धरायचं का, शंका असेल तर झुकतं माप बागायतदाराला द्यायचं की खाणाऱ्याला, हे माणसं बसून ठरवतात. मग आकडा पडतो. आणि एकदा आकडा पडला की तो थेट शास्त्रातूनच आला, असं आपण धरून चालतो.

आरोग्य धोरणात पानोपानी हेच आहे. उपकेंद्राचा, म्हणजे गावपातळीवरच्या सगळ्यात लहान सरकारी आरोग्य केंद्राचा निकष सपाटीवर ५,००० लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्राचंही तसंच, ३०,००० आणि २०,०००. म्हणजे निफाडला एक माप आणि पेठ-सुरगाण्याला दुसरं. नुसती डोकी मोजली असती तर दोन्हीकडे एकच आकडा लागला असता. कोणीतरी म्हणालं असणार, डोकी मोजता तशी बाईची पायपीटही मोजा. सरकारी कागदात नीतीचं काय काम म्हणता ना, ते हे.

आणि जिथे असं म्हणणारं कोणी नसतं, तिथलंही सांगते. मे २०२१ चा पहिला आठवडा. १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण नुकतं सुरू झालं होतं आणि ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती. माझ्या भाच्याला नाशकात स्लॉट मिळेना, सुरगाण्याकडच्या एका केंद्रावर मिळाला. मीच त्याला गाडीतून घेऊन गेले. अंगणात गाड्या उभ्या होत्या, सगळ्या आमच्यासारख्या शहरातून आलेल्या. तेवढ्यात पाड्यावरचा एक पोरगा आला, विशी-बाविशीचा. आधार कार्ड पावसाळ्यात ठेवतात तसं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. सिस्टरनं यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दादा, तुझं नाव नाही यात. मोबाईलवर नोंदणी करावी लागते." तो म्हणाला, "पाड्यावर रेंज नाही ना ताई." थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला आणि आला तसा चालत गेला. त्याच्या गावच्या केंद्रावरची लस माझ्या भाच्याला मिळाली.

त्या दिवशी नियम कोणीच मोडला नव्हता, भाऊसाहेब. सिस्टरनं नाही, मी नाही, भाच्यानंही नाही. नियम सगळ्यांना सारखा होता आणि तरी तो पोरगा परत गेला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला केंद्र सरकारनं या वयोगटाला सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा दिली. पण ऑनलाइनची सक्ती ज्या बैठकीत ठरली, तिथे पेठला तीन महिने राहिलेलं एखादं माणूस असतं, तर त्यानं त्याच दिवशी विचारलं असतं, "रेंज नसलेल्यांचं काय?" तुमच्या लेकीला तिथे बसायचंय. मला तरी हे खूळ वाटत नाही.

आता तिलाही दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत. हे पत्र तिच्या हातात द्या.

बाळा, तू मूल्यांबद्दल बोलतेस आणि संख्याशास्त्र नको म्हणतेस, असं बाबांनी लिहिलंय. तसं चालणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलासुद्धा. डॉक्टर नसलेल्या बाईनं तान्ह्या बाळाला सुई टोचावी का? प्रश्न नीतीचाच आहे आणि सोपा मुळीच नाही. पण जिथे डॉक्टर पोचतच नाही, तिथे हातावर हात ठेवून बसणं कोणत्या नीतीत बसतं? नुसता वाद घातला असता तर तो आजही चालूच राहिला असता. त्यांनी घरोघर जाऊन जन्म-मृत्यू मोजले, तुलनेसाठी दुसऱ्या गावांतलेही मोजले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून आशाताईंमार्फत नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. म्हणून बायोस्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकाला घाबरू नकोस. पाड्यावरचा तो पोरगा बैठकीत न्यायचा असेल, तर असे किती जण परत गेले हे तुला मोजता आलं पाहिजे.

दुसरं, बाबांच्या पत्रात आहे तो भरमसाट फी घेणारा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा नको. दोन वर्षांचा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातला पदव्युत्तर अभ्यासक्रम कर. मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यकशास्त्राचं केंद्र, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्थेचं अच्युत मेनन केंद्र. प्रवेशाची पद्धत बदलत असते, त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नीट बघ. मुंबईतून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे वैद्यकीय नीतीवरचं नियतकालिक नेटवर फुकट वाचता येतं, आजपासून महिन्याला दोन लेख वाचायला लाग.

पण एमपीएचच्या आधी दोन वर्षं गावात काढ, असं माझं मत आहे. बीएएमएस झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करता येतं. तिथल्या रजिस्टरमध्ये काय भरतात आणि काय राहून जातं, हे पुढे कुठल्याच वर्गात शिकायला मिळणार नाही.

भाऊसाहेब, आता पोटाचं. दवाखान्याइतका पैसा यात नाही, सुरुवातीला तर नाहीच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात, ११ महिन्यांचा करार आणि मग नूतनीकरणाची वाट बघायची. संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्थांतलं काम प्रकल्प असेपर्यंत. पाच-सात वर्षांच्या अनुभवानंतर जरा स्थिरता येते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हे सोपं नाही, म्हणूनही आधी उपकेंद्रावरचं काम सुचवतेय. पगारही सुरू राहील आणि तिची हौस आहे की ओढ, तेही दोन वर्षांत तिचं तिला कळेल.

गाळा विकू नका, भाड्यानं द्या. पिंपळगावात भाडेकरू मिळायला वेळ लागणार नाही, आणि करारात दोन वर्षांची मुदत घाला. बागेच्या छाटणीतून मोकळे झालात की एक दिवस तिच्यासोबत पेठला जाऊन या, तिच्या त्या केंद्रावर. तिथून परतताना नाशकात माझ्याकडे या दोघंही. येताना तिची इंटर्नशिपची वही आणायला सांगा.