मेंदूचा स्कॅन काढून चिंतेचा आजार ओळखता येतो का?

थोडक्यात सांगायचं तर, नाही. निदान अजूनही बोलून, प्रश्नावली भरून घेऊनच होतं. मग मेंदूचे ते रंगीत फोटो कसले?

ते बहुधा एफएमआरआय या स्कॅन यंत्राचे असतात. हे यंत्र मेंदूच्या पेशींची 'बोलणी' थेट ऐकत नाही. जिथे काम वाढतं तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त येतं, ते टिपतं; तेही पाचेक सेकंद उशिरा. ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी, याच्या उलट: तो वेळ मिलिसेकंदात पकडतो, पण मेंदूच्या खोल भागात नेमकं कुठे काय चाललंय हे सांगताना चाचपडतो. आणि भीतीशी जोडला जाणारा अमिग्डाला नेमका खोलवरच असतो, बदामाएवढा.

भेदरलेले चेहरे दाखवल्यावर चिंताग्रस्त गटात अमिग्डाला सरासरीने जास्त सक्रिय दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. पण ही गटाची सरासरी झाली. एकाच माणसाला काही आठवड्यांनी परत मशीनमध्ये झोपवलं तर आकडा बदलू शकतो. (त्या बोगद्यात, त्या ठकठकाटात नुसतं पडून राहणंच अनेकांना घाबरवतं, ते वेगळंच!)

शिवाय अमिग्डाला म्हणजेच भीती, असंही नाही. एस.एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन महिलेचे दोन्ही अमिग्डाला आजारात नष्ट झालेत. साप-कोळ्यांची तिला भीती वाटत नाही. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवली, तेव्हा तिला चक्क पॅनिक अटॅक आला.

त्यामुळे कुणी 'ब्रेन मॅपिंग'वरून चिंतेचं पक्कं निदान करून देतो म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा.