जायचं खरं, पण कुणाच्या जिवावर?

प्रश्न : आदरणीय ताई, माझ्या यजमानांना दुसऱ्या शहरात वरच्या पदाची नोकरी चालून आली आहे. पगार जवळजवळ दीडपट. महिन्याभरात होकार-नकार कळवायचा आहे. मुलगी चौदा वर्षांची. मैत्रिणी सुटणार म्हणून तिने आमच्याशी बोलणंच टाकलंय. मुलगा सात वर्षांचा, तो एकदम खूश. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, 'तुम्ही न्याल तिथे येईन' एवढंच म्हणतात. मी एका छोट्या संस्थेत हिशेब बघते. ती नोकरी सोडावी लागेल, पण तिथे काहीतरी मिळेलच. राहतं घर विकून तिकडे घ्यावं, असं ह्यांचं म्हणणं. सुट्टीत आम्ही ते शहर बघून आलो, सगळ्यांना आवडलं. तरी माझं मन घेत नाही. काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीचा रुसवा आहे, मुलाचा आनंद आहे, सासूबाईंचं म्हणणं आहे, घराचा व्यवहार आहे. तुमच्या स्वतःच्या वाट्याला मात्र 'काहीतरी मिळेलच' एवढंच आलंय. तुमचं मन घेत नाही ते तिथेच अडलंय, असं मला वाटतं.

जेकब मिन्सर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७८ साली हा पेच नेमका मांडला होता. घर हललं की कुटुंबाचा एकूण फायदा होतो, पण त्याच कुटुंबातल्या एकाचा तोटा होऊ शकतो, आणि तो सोसणारी बहुधा बायको असते. उलट बाजूही त्याने सांगितली होती : बायकोसाठी नवरा जागीच थांबला, तर तोटा त्याच्या पदरी पडतो. म्हणजे कुणीतरी किंमत मोजणार हे धरूनच चाला. ती कोण मोजणार आणि बदल्यात त्या माणसाला काय मिळणार, हे तुम्ही अजून घरात बोललेला नाहीत.

माझ्या वडिलांची बदलीची नोकरी होती. नव्या गावात पोहोचलो की दुसऱ्या दिवशी त्यांना कचेरी असे, आम्हा भावंडांना शाळा. आई घरात. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाला ती आग्रहाने पाणी द्यायची आणि दारातच उभं करून विचारत राहायची, गाव कुठलं, मुलं किती, पाऊस कधी सुरू होतो इकडे. तो पुढच्या घरी जायला अधीर, एक पाय पायरीवर. मला तेव्हा लाज वाटायची. आज कळतं, दिवसभरात तिच्याशी बोलणारा मोठा माणूस तो एकटाच असायचा.

माणसं जोडायला वेळ किती लागतो, याचा अभ्यास कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी नुकतंच गाव बदललेल्या लोकांनाही विचारलं होतं. ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून अधिक. त्यातही शेजारी बसून नुसतं काम केल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, भटकणं असा मोकळा वेळ लागतो. आता तुमच्या घरात हे तास कुणाला आपोआप मिळणार ते बघा. मुलांना शाळेत रोज. यजमानांना कार्यालयात, निदान जेवणाच्या सुट्टीत. तुम्हाला आणि सासूबाईंना कुठे?

म्हणून माझं पहिलं सांगणं : तिथे तुमच्या कामाची सोय लागल्याशिवाय बाडबिस्तरा हलवू नका. अर्ज आजपासून करा. हिशेबाचं काम येणाऱ्याला काम मिळतं, पण इथली नोकरी हातात असताना शोधलं तर बरं मिळतं. पैशाच्या दृष्टीनेही हे बघाच. तुमचा पगार ह्यांच्या आताच्या पगाराच्या निम्मा असेल आणि तो बुडाला, तर दीडपटीचा सगळा फायदा तिथेच संपला. शिवाय इथे भाडं नाही, तिथे असेल. कागदावर आकडे मांडा, दोघांनी मिळून.

सासूबाईंचं 'न्याल तिथे येईन' याला मी होकार धरत नाही. ज्या बाईला आपलं अडून बसणं मुलाला महागात पडेल अशी धास्ती आहे, ती दुसरं काय म्हणणार? त्यांना 'येणार का' असं विचारूच नका. सकाळी तुम्ही बाहेर पडल्यापासून संध्याकाळपर्यंत त्या कुणाकुणाशी बोलतात, कुठे जातात, रस्ता कुठे ओलांडतात, कोणत्या डॉक्टरांवर विश्वास आहे, हे विचारा. त्यातलं काय काय नव्या ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर मिळेल, यावरून घर शोधा. यजमानांच्या कार्यालयापासून अंतर किती हा प्रश्न त्यानंतरचा.

मुलीचं अवघड आहे, आणि ते खोटं गोड करून सांगणार नाही. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत एक मोठा सरकारी प्रयोग झाला. गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना सोडतीने कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी मदत दिली गेली. तेराव्या वर्षाच्या आत हललेल्या मुलांची पुढे कमाई चांगली वाढली. त्याहून मोठ्या मुलांना फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. अभ्यासकांच्या मते मोठ्या मुलांना उखडल्याचा त्रास होतोच आणि नव्या जागेचा लाभ घ्यायला वर्षं कमी उरतात. तुमचं कुटुंब काही तशा वस्तीतून निघालेलं नाही, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावता येत नाही. पण चौदाव्या वर्षी मैत्रिणी म्हणजे पोरीचं अर्धं जग असतं, तिचा अबोला हट्ट म्हणून झटकू नका. निदान शाळेचं चालू वर्ष तिला इथे पुरं करू द्या. शाळा निवडताना तिला सोबत न्या आणि तिचा नकार आला तर ती शाळा खरोखर सोडा. मुलाची काळजी नको, तो रुळेल.

सुट्टीत शहर आवडलं म्हणता, पण सुट्टीत कुठलंही गाव आवडतं. यजमानांना आधी एकट्याने रुजू होऊ द्या, चार-सहा महिने. दोन घरांचा खर्च येईल, तरी पाचजणांचं बस्तान चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा तो स्वस्त. मधून तुम्ही जा, तेही कामाच्या दिवशी. सकाळच्या गर्दीत शाळेच्या वेळेला रस्त्यावर उभ्या राहा, पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांना विचारा, रात्री उशिरा एकट्या चालून बघा. दवाखान्यात नुसत्या बसून या.

एवढं सगळं सांगूनही माझा कौल जाण्याकडेच आहे. यजमानांनी ही संधी कष्टाने मिळवली आहे, आणि ती तुमच्यासाठी नाकारली असं ओझं संसारात वर्षानुवर्षं बाळगणंही वाईट. फक्त होकार कळवण्याआधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला : तुमचं काम, सासूबाईंचा दिवस, मुलीचं वर्ष. या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या की खुशाल हो म्हणा. मालकांकडे थोडी मुदत मागायला लागली तर त्यांनी मागावी, वरच्या पदावर बोलावणारे एवढं बहुधा ऐकतात.

घर मात्र एक वर्ष तरी विकू नका. भाड्याने द्या, नाही जमलं तर कुलूप लावून ठेवा. तिकडेही भाड्याच्याच जागेत राहा. वर्षानंतर तुम्हाला तिथे काम असेल आणि सासूबाईंना दुपारी गप्पा मारायला कुणी भेटलं असेल, तर विक्रीचं तेव्हा बघू. मुलीचं काय ठरलं ते मला जरूर कळवा.