सर्व्हरला हात लावायची भीती वाटते, मॅडम

हार्डवेअर-नेटवर्किंग शिकलेली मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा शब्द बदलतात पण प्रश्न तोच असतो, मॅडम डेस्कटॉप येतो, प्रिंटर येतो, केबल क्रिम्प करता येते पण सर्व्हरचं काहीच येत नाही, आणि जाहिरात बघावी तर सगळीकडे सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनची बेसिक माहिती पाहिजे असं लिहिलेलं, मग आम्ही शिकायचं कुठे, आम्हाला सर्व्हरपाशी उभं तरी कोण करणार. त्यावर एक अनुभव लिहितेय. ज्याचा आहे त्याला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. समुपदेशनात यायच्या आधी मी स्वतः नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या (म्हणजे ढिगाने सर्व्हर एकत्र ठेवलेल्या इमारतीच्या) फ्लोअरवर काम केलंय, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

तो आला तो वडिलांबरोबर. सोलापूरकडचा, वय 24, कॉम्प्युटरचा डिप्लोमा, 2 वर्षं एका ठिकाणी डेस्कटॉप सपोर्टला होता आणि आता 4 महिने घरी. वडिलांना एकच विचारायचं होतं, 60 हजार फीचा सर्व्हरचा क्लास लावू का. म्हणाले, "सर्व्हर म्हणून काही असतं हे आम्हाला तो डाऊन असला की कळतं, रेशनला गेलं की सर्व्हर डाऊन, बँकेत गेलं की सर्व्हर डाऊन, आणि आता पोरगं त्यातच काम करायचं म्हणतंय." मुलगा खाली बघत बसला होता. मी म्हटलं काका, फी आत्ता भरू नका, महिनाभर थांबा, आधी मला याच्याशी बोलू द्या.

पहिल्या भेटीत मी त्याला फक्त विचारलं की दिवसभर काय काम करायचास. तो सांगत गेला, कोणाचा पासवर्ड लॉक व्हायचा, कोणाच्या पीसीला 169.254 ने सुरू होणारा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) यायचा आणि नेट बंद पडायचं, कोणाचं नेट चालू पण साइट उघडत नाही, कोणाला शेअर फोल्डर उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड. मी म्हटलं अरे तू 2 वर्षं सर्व्हरचंच काम करतोयस, फक्त पलीकडच्या बाजूने. पासवर्ड लॉक झाला तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या युजरची खाती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, 169.254 आला कारण पीसीने डीएचसीपी सर्व्हरला, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्याला, हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, साइटचं नाव सापडेना तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा प्रश्न, फोल्डरचा प्रश्न फाइल सर्व्हरवरच्या परमिशनचा. सर्व्हर ही आधी एक भूमिका आहे, मागितलेलं देणाऱ्याची, आणि खोका नंतर येतो. हे ऐकून तो जरा सैलावला, पण फार नाही. माझ्या लक्षात आलं होतं की काहीतरी आत अडकलंय, पण ते मी त्या दिवशी खोदलं नाही.

दुसऱ्या भेटीत खोक्याकडे आलो. माझ्या ड्रॉवरमध्ये सर्व्हरची एक जुनी रॅम आहे, ती आणि डेस्कटॉपची एक रॅम अशा दोन्ही त्याच्या हातात दिल्या आणि म्हटलं चिप मोज. डेस्कटॉपच्या पट्टीवर 8 निघाल्या, सर्व्हरच्या पट्टीवर 9. परत मोजल्या त्याने, बोटाने एकेक दाबत. "नववी कशाला?" म्हणाला. हाच तो प्रश्न. ती ईसीसी रॅम, डेटाच्या 64 बिटांबरोबर 8 बिट जास्तीचे ठेवते, त्यामुळे एखादा बिट उलटा पडला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो आणि दोन पडले तर निदान कळतं. घरच्या पीसीवर एक बिट चुकला तर फार तर पीसी हँग होईल, पण ज्या मशिनवर 200 लोकांचे पगार निघतात तिथे चुकीचा आकडा गुपचूप लिहिला जाणं परवडत नाही.

मग मी त्याला सांगितलं की सर्व्हरचा प्रत्येक भाग एकाच प्रश्नाने वाच, हे गेलं तर काय? पॉवर सप्लाय गेला तर काय, म्हणून दोन असतात आणि दोन वेगवेगळ्या लाइनवर लावायचे असतात, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावले तर त्या लाइनपुरतं दोन असून नसल्यासारखं (हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, बऱ्याचदा). डिस्क गेली तर काय, म्हणून रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा टिकेल अशी मांडणी. 2 टीबीच्या 4 डिस्क रेड 5 मध्ये लावल्या तर 6 टीबी वापरायला मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते, रेड 6 केलं तर 4 टीबी मिळते पण दोन गेलेल्या चालतात. ऑपरेटिंग सिस्टिमच उठेना तर काय, म्हणून आयड्रॅक किंवा आयएलओसारखं आत बसवलेलं वेगळं छोटं कंट्रोलर, मुख्य मशीन बंद असलं तरी केबल आणि करंट असेपर्यंत ते जागं असतं आणि लांबून स्क्रीन दाखवतं, मशीन चालूबंद करतं. एसी गेला तर काय, म्हणून मशिनमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 डिग्रीत ठेवायची आणि रॅकमधल्या (सर्व्हर बसवायच्या कपाटातल्या) रिकाम्या जागा झाकायच्या, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते. रॅकचं माप तर 10 मिनिटांत शिकून झालं, 19 इंच रुंदी, उंचीचा एक यू म्हणजे 1.75 इंच, पूर्ण रॅक बहुतेक 42 यूचा.

तो लिहून घेत होता. मध्येच थांबला आणि वर न बघता म्हणाला, "आणि माणूसच चुकला तर? त्याला कुठला पार्ट आहे?"

मी पेन खाली ठेवायला सांगितलं.

मग निघालं सगळं. त्या नोकरीत एका संध्याकाळी सर्व्हरची एक डिस्क फेल झाल्याचा अलर्ट आला, सिनियर बाहेरगावी, त्यांनी फोनवर सांगितलं सर्व्हर रूममध्ये जा आणि दोन नंबरची डिस्क काढून नवी टाक. याने कधीच काढली नव्हती. एका कानाला फोन, यूपीएसचा आणि पंख्यांचा आवाज, याने डावीकडून मोजलं, एक, दोन, आणि दुसरी डिस्क ओढली. पण त्या सर्व्हरवर डिस्कच्या खणांचे नंबर शून्यापासून होते. शून्य, एक, दोन. दोन नंबर म्हणजे तिसरी डिस्क. रेड 5, एक आधीच गेलेली, याने दुसरी चांगली काढली आणि सगळंच बसलं. दुसऱ्या दिवशी बाहेरचा इंजिनियर आला, त्याने तीच डिस्क परत त्याच खणात टाकली, रेड सांभाळणाऱ्या कंट्रोलरने ती परकी म्हणून दाखवली, त्याने डिस्कवर नोंदलेलं रेडचं कॉन्फिगरेशन इम्पोर्ट केलं आणि डेटा परत दिसायला लागला. काहीही गेलं नव्हतं. पण सगळ्यांसमोर याला ऐकवलं गेलं की याला परत सर्व्हर रूममध्ये पाठवू नका, आणि 15 दिवसांत याने स्वतःच नोकरी सोडली. घरी हे सांगितलंच नव्हतं, वडिलांना वाटत होतं पोराला शिक्षण कमी पडतंय.

बघा, क्लासने हे सुटलं असतं का. 60 हजार भरून तो सगळी थिअरी शिकून आला असता आणि पहिल्या खऱ्या डिस्कसमोर पुन्हा हात थरथरला असता. त्याला "होतं रे असं" म्हणून पाठीवर थाप मारूनही उपयोग नव्हता, ती थाप त्याला चार जणांनी आधीच दिली असणार. म्हणून आम्ही त्या संध्याकाळचाच कागद मांडला. खणांवर लेबल होतं का? धुळीत दिसलं नाही. डिस्कचा नारिंगी लाइट बघितलास? नाही, फोनकडे लक्ष होतं. लोकेट लाइट कोणी लावला का, म्हणजे कंट्रोलरमधून त्याच डिस्कचा दिवा लुकलुकवता येतो? अशी सोय असते हेच माहीत नव्हतं. सिरियल नंबर ताडून बघितला? नाही. बॅकअप शेवटचा कधीचा होता? हे तर तिथे कोणालाच सांगता आलं नाही. चूक त्याची होतीच आणि मी ती नाही म्हटली नाही, पण त्या चुकीपर्यंत पोचायच्या वाटेवर चार दारं होती आणि चारही उघडी होती, आणि ती बंद ठेवणं हेच ॲडमिनिस्ट्रेशन आहे.

त्याला मी गिटलॅबची (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी) गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना वाचायला खुली आहे. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका अनुभवी इंजिनियरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालवली आणि चालू डेटाबेसचा जवळपास 300 जीबी डेटा उडाला, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. शेवटी साधारण 6 तास जुन्या एका स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीवरून) काम चालू केलं, मधल्या 6 तासांचं बरंच गेलं. त्यांनी त्या माणसाला काढलं नाही, सगळा प्रकार जाहीर लिहिला आणि बॅकअपची पद्धत बदलली. तो बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, "म्हणजे तो अजून सर्व्हरला हात लावतो?"

पुढचे 3 आठवडे मी त्याला एकच काम दिलं, मुद्दाम मोड. घरी 8 जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप होता, त्यावर बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करून व्हर्च्युअलबॉक्स (एका मशिनच्या आत दुसरं खोटं मशीन चालवणारा प्रोग्राम) टाकला, त्यात 2 जीबी रॅम देऊन उबुंटू सर्व्हर ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम, दोन्ही फुकट. 5 जीबीच्या चार खोट्या डिस्क जोडून लिनक्सच्या एमडीएडीएम या कमांडने रेड 5 बनवलं, 15 जीबी मिळाली. मग एक डिस्क मुद्दाम फेल केली, फाइल्स उघडतात का बघितलं, उघडल्या, नवी डिस्क जोडून रिबिल्ड (गेलेला डेटा नव्या डिस्कवर परत भरणं) होताना टक्केवारी सरकताना बघत बसला. मग दोन फेल केल्या, त्याच्या त्या संध्याकाळसारख्याच. सगळं गेलं. मग आदल्या दिवशी दुसऱ्या डिस्कवर काढलेल्या बॅकअपमधून परत आणलं. रात्री साडेअकराला मला मेसेज, मॅडम आज मी तीनदा घालवला आणि तीनदा परत आणला. त्याच मशिनवर मग एकदा लॉगने (नोंदींच्या फाइल्सनी) डिस्क गच्च भरवून सर्व्हिस बंद पाडून बघितली, डीएचसीपी बंद करून दुसऱ्या मशिनला 169.254 येतो का ते बघितलं, एसएसएच (लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पासवर्डऐवजी कीने (किल्लीसारख्या फाइलने) चालू केलं. विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची मूल्यमापन आवृत्ती मिळते, तीही टाकली. वहीत प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने, काय मोडलं, कशावरून कळलं, कसं परत आणलं. इंटरव्ह्यूला तीच वही घेऊन जा म्हटलं.

क्लाउडमुळे, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या लांबच्या सर्व्हरमुळे, हे काम संपणार का हेही त्याने विचारलं होतं, सगळेच विचारतात. मायक्रोसॉफ्टचं अझूर हे क्लाउड पुण्यात 2015 ला आलं, ॲमेझॉनचं मुंबई रिजन (डेटा सेंटरांचा गट) 2016 ला, आणि ते काही ढगात नाहीये, कुठल्यातरी रॅकमध्येच आहे, तिथेही डिस्क मरतात आणि कोणीतरी जाऊन बदलतं. लहान ऑफिसमधला कोपऱ्यातला एकटा सर्व्हर कमी होतोय हे खरं आहे, म्हणून गावात थांबून हेच काम मिळेल असं मी त्याला सांगितलं नाही. ते वडिलांना जड गेलं.

तिसऱ्या इंटरव्ह्यूत त्याला महापेला नाइट शिफ्टची नोकरी लागली, रिमोट हँड्स म्हणतात ते, म्हणजे लांबच्या इंजिनियरचे तिथले हात. इंटरव्ह्यूत त्याने ती चुकीची डिस्क ओढलेली गोष्ट स्वतःहून सांगितली. मी सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडलं होतं.

महिन्याभराने पहिली डिस्क बदलायची वेळ आली. त्याने समोरच्या इंजिनियरला फोनवर सांगितलं की आधी लोकेट लाइट लावा, मी थांबतो. तो म्हणाला अरे खण 5, काढ ना सरळ. हा म्हणाला सर, लाइट लावा, आणि सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवा. लाइट लागला, खण 5 लाच लागला, आकडे जुळले. मग काढली. मला सकाळी साडेसहाला फोटो आला, खोक्यात ठेवलेली जुनी डिस्क, तिच्यावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर त्याच्या अक्षरात तारीख, खण 5, शून्यापासून मोजून.